गयाबाईंच्या घरातली खोकणारी टाकी

पाण्याला स्वतःचा आवाज नसतो. हे सांगितलं की माणसं हसतात. मग मी त्यांना म्हणते, घरी जाऊन भरलेली कळशी एकदम पालथी करून बघा. गडगड, बुडबुड करत पाणी धक्क्याधक्क्यानं पडतं. तीच कळशी जरा तिरपी धरा, हवेला आत जायला वाट ठेवा, की पाणी तेलासारखं गुपचूप खाली येतं. पाणी तेच, कळशीही तीच. ओरडते ती हवा. पाण्याच्या वाटेत सापडली की तिला बाहेर पडायची घाई होते आणि ती धिंगाणा घालते. माझं सगळं काम एवढंच, की पाण्याची आणि हवेची वाट वेगळी करून द्यायची.

मी माशांच्या टाक्या गप्प करते. असंही काम असतं हे मला तरी कुठं माहीत होतं!

औरंगपुऱ्यातल्या एका बोळात शफीभाईंचं काचेच्या टाक्यांचं दुकान आहे. आमचं गाव फुलंब्रीच्या पुढं. तिथं शाळा चौथीपर्यंतच होती, म्हणून माझीही शाळा तेवढीच. लग्न झाल्यावर शहरात आले. आमचे मालक, म्हणजे नवरा, चितेगावच्या कंपनीत जायचे आणि मी शफीभाईंकडं टाकीत घालायची वाळू आणि गोटे धुवायला लागले. मी बोलकी बाई नाही. अनोळखी माणूस समोर आलं की माझ्या तोंडाला कुलूप लागतं. म्हणून गिऱ्हाईक आलं की मी आपली मागच्या मोरीजवळ. तिथंच नवीन टाक्या पाणी भरून तपासायला ठेवलेल्या असायच्या. दिवसभर कानावर त्यांचाच आवाज. हळूहळू मला न बघता कळायला लागलं, कोणत्या पाइपात हवा शिरतेय, कुठं पाणी उंचावरून पडतंय, कुठं पंप लाकडाला टेकून थरथरतोय.

एकदा धीर करून मी शफीभाईंना म्हटलं, "त्या कोपऱ्यातल्या टाकीचा पाइप खाली लई बुडलाय."

त्यांनी वाकून बघितलं, पाइप बोटभर कापला आणि गुरगुर थांबली. ते माझ्याकडं बघतच राहिले. "कमलबाई, तुम कान से देखते क्या?"

गोटे धुवायचं काम गेलं आणि माझ्या हातात करवत आली.

ज्यांनी अशी टाकी बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगते. मोठ्या टाकीच्या कोपऱ्यात आतल्या बाजूला एक अरुंद, उभी काचेची पेटी असते. टाकीतलं वरचं पाणी तिच्या काठावरून आत सांडतं आणि तळाच्या भोकातून पाइपानं खालच्या कपाटातल्या दुसऱ्या टाकीत जातं. तिथं ते गाळलं जातं आणि पंप पुन्हा वर ढकलतो. हे चक्र सारखं चालू. आता पाइप असतो जाड आणि पाणी असतं बेताचं. उरलेल्या जागेत हवा घुसते. मग पाइप पाणी पितो, हवा गिळतो, ढेकर देतो आणि पुन्हा पितो. हॉलमध्ये बसलेल्या माणसाला वाटतं, भिंतीतच कुणीतरी गुळण्या करतंय.

उपाय आपल्या जुन्या लोकांना माहीत होता. डब्यातून रॉकेल काढायचं तर ते नळीचं एक टोक डब्यात बुडवायचे, दुसरं तोंडात धरून ओढायचे आणि खाली सोडायचे. नळी भरून रॉकेल यायचं, पण आवाज नाही. कारण नळीत हवाच नाही. टाकीचा पाइपही तसाच भरून चालवायचा. त्यासाठी त्याच्या खालच्या बाजूला चाकाचा वॉल, म्हणजे पाणी कमीजास्त करायची चावी, बसवतात. साधा कॉक चालत नाही, तो जरा हलवला की एकदम उघडतो नाहीतर एकदम मिटतो. चाकाचा वॉल मात्र केसाकेसानं फिरतो. पंप जेवढं पाणी वर देतो जवळजवळ तेवढंच पाइपानं खाली न्यायचं, इतका तो आवळायचा. शेजारी दुसरा उघडा पाइप ठेवायचा. पहिल्याला जे थोडंसं पाणी झेपत नाही ते या दुसऱ्याच्या आतल्या अंगाला चिकटून, धाग्यासारखं सरकत जातं. त्यालाही आवाज नसतो. आणि कधी पहिला पाइप तुंबलाच, तर हाच दुसरा घर भिजण्यापासून वाचवतो.

लोक आम्हाला बोलावतात ते आपापले उपाय करून थकल्यावर. एका वकीलसाहेबांनी कोपऱ्यातल्या पेटीत आंघोळीचा टॉवेल कोंबला होता. आवाज गेला, पण पाणी खाली जायचंही थांबलं आणि गालिच्यावरून वाहायला लागलं. एका क्लासवाल्या सरांनी खालच्या कपाटाला गोधड्या गुंडाळल्या होत्या. टाकी हिवताप आल्यासारखी दिसत होती आणि आतून गुरगुरत होती. "सरांनी आत म्हैस बांधलीय," असं त्यांची मुलं म्हणायची. आणखी एक रिटायर्ड काका होते. त्यांची टाकी गप्प करून मी दुकानावर पोचते न पोचते तोच त्यांचा फोन. "ताई, टाकी बंद पडली हो! काहीच ऐकू येत नाही!"

मी म्हटलं, "काका, माशांचं खाणं चिमूटभर वर टाका आणि कुठं जातंय ते बघा."

फोन कानालाच होता. जरा वेळानं ते लहान मुलासारखे ओरडले, "सरकतंय! सगळं कोपऱ्याकडं सरकतंय!" मला त्या दिवशी जेवण गेलं नाही, एवढा आनंद झाला. आपण केलेलं काम ऐकू येत नाही म्हणून कुणी फोन करावा, याहून मोठी पावती कोणती?

रुखरुख एका गोष्टीची आहे. नुसत्या आवाजापायी कितीतरी चांगल्या टाक्या लोकांनी अंगणात काढून ठेवल्यात. कुणी त्यात कोथिंबीर लावलीय. एका घरी मी पोचले तर मासे आदल्याच दिवशी देऊन टाकलेले. रिकाम्या काचेकडं बघून परत आले. ते मासे कुणाकडं गेले, हे विचारायचाही मला धीर झाला नाही.

पण ज्या कामाची आठवण आली की अजून माझ्या अंगावर काटा येतो, ते गयाबाईंच्या घरचं.

सिडकोतलं छोटं घर. पुढं फाटक, फाटकाशी नळाचा खड्डा. आमच्या शहरातल्या लोकांना खड्डा म्हणजे काय ते सांगावं लागत नाही, बाहेरच्यांसाठी सांगते. नळाला रोज पाणी येत नाही आणि आलं तरी जोर नसतो. म्हणून जमीन खोदून नळ खाली घेतात, तिथं उतरून हंडे लावतात किंवा मोटर जोडतात. पाण्याच्या वाराला कितीतरी घरांत नळ उघडा ठेवून खाली स्टीलची बादली ठेवतात. पाणी येण्याआधी नळातून हवा येते. आधी फुस्स करतो, मग खळखळ, मग खोकल्यासारखे दोन-चार ठसके, आणि मग धार. तो पहिला खोकला ऐकूनच बायका उठतात. झोपेतही तो आवाज ओळखता येतो.

आम्हाला दार उघडलं ते शीतलताईंनी, गयाबाईंच्या सुनेनं. त्या घरीच शिलाईकाम करतात. हॉलमध्ये मोठी टाकी होती आणि तिच्यात सोनेरी, पांढरे, टोपी घातल्यासारखे लाल डोक्याचे मासे. टाकीसमोर खुर्चीत गयाबाई बसल्या होत्या. उजव्या हाताला प्लास्टर. मासा काचेजवळ आला की डाव्या हातानं त्याला, "ये, ये माय," म्हणत होत्या.

आणि टाकी खोकत होती. आधी फुस्स, मग खळखळ, मग दोन-चार ठसके. मग गप्प. पुन्हा फुस्स.

मी शफीभाईंकडं बघितलं, त्यांनी माझ्याकडं. आम्हा दोघांनाही ताबडतोब कळलं.

गयाबाई खुर्चीतून उठल्या. "नळ आला! शीतल, हंडे काढ गं!" आणि सरळ दाराकडं निघाल्या.

शीतलताईंनी मशिनीवरून धावत येऊन त्यांना धरलं. "आत्याबाई, नळ नाय आला. टाकी हाय ती."

"मला शिकवती का? उभा जन्म पानी भरलंय मी!"

त्यांना बसवून शीतलताई आम्हाला आत घेऊन गेल्या आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. गयाबाईंच्या आठवणीची पार विस्कट झालेली. नातवंडांची नावं राहिली नव्हती, पण नळाचा आवाज राहिला होता. मुलगा दिनकर कंपनीत कामाला. आई दिवसभर फाटकाकडं बघत बसते म्हणून त्यानं शहर सोडून चाललेल्या एका माणसाकडून ही टाकी आणली होती. आईला मासे इतके आवडले की ती जेवायला लागली, हसायला लागली. पण पाइपाचा आवाज ऐकला की पाणी आलं म्हणून उठायची, हंडा घेऊन बाहेर जायची. एकदा खड्ड्याच्या पायरीवरून घसरली. हात मोडला.

"दुपारी मी मशिनीवर असते," शीतलताई खाली बघून म्हणाल्या. "परवापासून त्यांच्या खोलीला बाहेरून कडी लावते. त्या दार वाजवत नायत, शिव्या देत नायत. नुसतं म्हणत बसतात, पानी चाललं गं, वाया चाललं. मला शिवण सुचत नाय ताई. हे म्हणतात, शनिवारी टाकीच काढून टाकू. टाकी काढली तर त्या पुन्हा जेवायच्या नायत. मी काय करू?"

शफीभाई म्हणाले, "बेटी, ये कमलबाई है. इनके हात लगने दो, फिर बोलो."

मी कपाट उघडून आडवी झाले. एकच जाड पाइप, वॉल नाही, खालचं टोक हातभर पाण्यात बुडवलेलं. दुसऱ्या भोकातून पंपाचं पाणी वर नेलेलं. मी शफीभाईंना म्हटलं, पंपाचं पाणी मागच्या काठावरून आत सोडू, म्हणजे दुसरं भोक उघड्या पाइपाला मोकळं होईल. ते मान हलवून मोजायला लागले.

मी करवत आणि पाना घेऊन बसले तशा गयाबाई माझ्याजवळ आल्या. पाइप, वॉल, पाना, सगळं नीट बघितलं.

"तू पानी सोडनारी का गं?"

माझ्या काही लक्षात यायच्या आत शफीभाई म्हणाले, "हौ अम्मा. येच है पानी छोडनेवाली."

गयाबाईंचा चेहरा कडक झाला. "बरी घावलीस. आमच्या गल्लीचं पानी लवकर का बंद करती? वरच्या आळीला मर्जी, आन आमी काय सावत्र?"

"बघते, आजी."

"बघते म्हनू नको. समदेच बघते म्हनत्यात."

शफीभाई तोंड फिरवून हसत होते. मी खाली मान घालून पाइपाला चिकटवायचं सोल्युशन लावत होते, पण मलाही हसू आवरेना. पुढचा सगळा वेळ गयाबाई माझ्या डोक्यावर उभ्या राहून मला कामाला लावत होत्या. "घट आवळ. गळायला लागलं तर पानी कुनाच्या बापाचं हाय?" सुपरवायझर म्हणतात ते हेच असावं.

जोड सुकल्यावर पंप चालू केला. वॉल लावणं म्हणजे चुलीवरच्या दुधाजवळ उभं राहण्यासारखं असतं, नजर काढायची नाही. चाक जरा आवळलं की पेटीतलं पाणी चढतं, जरा सैल केलं की उतरतं आणि पाइप हवा ओढतो. मी केसभर आवळायचे आणि थांबायचे. पाणी चढलं, चढलं आणि एका जागी थबकलं. मग दुसऱ्या पाइपाच्या कडेनं एक धागा सुटला. खळखळ बारीक झाली, तिचं पुटपुटणं झालं आणि मग काही नाही. हॉलमधलं घड्याळ ऐकू यायला लागलं.

शीतलताईंनी तोंडावर हात ठेवला. मी कपाटात डोकं घालूनच हसत होते. हा क्षण कितीही वेळा आला तरी जुना होत नाही. बंद पडलेली वस्तू चालू करणारे खूप असतात. मी चालू वस्तू इतकी शांत करते की ती बंद वाटावी!

पण दुसऱ्याच दिवशी शीतलताईंचा फोन आला. आवाज रडवेला. सकाळी लाईट गेली, परत आली आणि टाकी पहिल्यापेक्षा जास्त ओरडली. टाकी गप्प झाली म्हणून कडी लावली नव्हती आणि गयाबाई फाटकापर्यंत पोचल्या होत्या. शेजारच्या बाईंनी पायरीवर धरलं म्हणून वाचल्या. "हे म्हणतात, आता शनिवारची वाट बघायची नाय."

लाईट जाऊन आल्यावर काय होतं, हे मी बघितलंच नव्हतं. ज्या शहरात दिवसातून कितीदा लाईट जाईल याचा नेम नाही, त्या शहरात मी टाकी फक्त लाईट असताना तपासली होती! मी पिशवी उचलून पळतच शफीभाईंच्या स्कूटरवर मागं बसले.

ते म्हणाले, "कायकू डररे? पानीच है, शेर थोडी है."

मी म्हटलं, "म्हातारी पडली असती, भाई."

मग त्यांनी स्कूटर जोरात घेतली.

त्या दिवशी दिनकर घरीच होते. चांगला माणूस, पण थकलेला. "ताई, तुमचा दोष नाय," ते म्हणाले. "पण आता मला ताण नको. उद्या टेम्पो घेऊन या आन टाकी न्या."

मी म्हटलं, "एकदा लाईट बंद करून परत लावू द्या. फक्त बघू द्या मला."

एवढं तरी मी बोलले याचं शफीभाईंना नवल वाटलं असावं. गयाबाई दुपारचं जेवून हॉलमधल्या कॉटवर झोपल्या होत्या. शीतलताई बटणाजवळ उभ्या राहिल्या. मी कपाटासमोर आडवी झाले आणि म्हटलं, "करा बंद."

पंप थांबला. आणि बघितलं तर वरच्या टाकीतलं पाणी पंपाच्याच पाइपानं उलटं खाली येत होतं. पाइपाचं वरचं तोंड टाकीत खोल बुडलेलं होतं, म्हणून पाणी मागे ओढलं जात होतं. खालची टाकी चढत गेली. मी आदल्या दिवशी बोटभर बुडवून ठेवलेलं पाइपाचं टोक आता वीतभर पाण्याखाली गेलं. "लावा चालू." वरून पाणी आलं, पण पाइपात कोंडलेल्या हवेला खालून बाहेर पडता येईना. एवढं पाणी उचलून ती जाणार कुठं? ती आतच घुसमटली आणि फुस्स करून वर आली. शीतलताईंनी घाईघाईनं पुन्हा बटण बंद केलं. गयाबाई कुशीवर वळल्या. आम्ही सगळे श्वास धरून उभे. त्या उठल्या नाहीत.

मला मात्र मनातून उड्या माराव्याशा वाटत होत्या. सापडलं होतं! आवाज कुठून येतो हे कळलं की अर्धं काम झालं. मी हातानंच शफीभाईंना खूण केली, ड्रिल द्या म्हणून.

पंपाच्या पाइपाला वरच्या टाकीत, पाण्याच्या पातळीच्या जेमतेम खाली, मी एक बारीक भोक पाडलं. म्हणजे लाईट गेली आणि पाणी जरा उतरलं की त्या भोकातून हवा शिरणार आणि उलटं ओढणं तिथंच तुटणार. खालच्या टाकीत फारसं पाणी येणारच नाही. मग खालच्या पाइपाचं टोक अजून थोडं कापलं आणि तिरपं केलं, हवेला निसटायला वाट मिळावी म्हणून. वॉल केसभर आवळून दुसऱ्या पाइपाचा धागा जरा जाड केला. काल मी सगळं पाणी एकाच पाइपावर टाकायच्या हट्टात होते. जरा सैल सोडलेलं बरं असतं.

"करा बंद," मी कुजबुजले. पाणी दोन बोटं उतरलं आणि थांबलं. "लावा." पाइपानं एकदा हळूच गिळलं, बस्स. मग शांत. पुन्हा बंद, पुन्हा चालू. शीतलताईंना आता खेळच सुचला होता, बंद करायच्या, लावायच्या आणि माझ्याकडं बघून मान हलवायच्या. दिनकर खुर्चीत पुढं वाकून बसले होते. गयाबाई झोपलेल्या. टाकीतले मासे इकडून तिकडं फिरतायत आणि आवाज म्हणून नाही.

आणि तेवढ्यात गयाबाई ताडकन उठून बसल्या.

"आलं."

दिनकरांनी डोळे मिटले. शीतलताईंचा हात बटणावरच राहिला.

"नळ आला रे, दिनकर. हंडे काढा."

"आई, खाली बस," ते उठून त्यांच्याजवळ गेले. "नळ नाय आला. आपला वार उद्या हाय. ती टाकी हाय, टाकी." मग माझ्याकडं वळून अगदी हळू म्हणाले, "ऱ्हाऊ द्या ताई. तुमी लई केलं. पन उद्या टेम्पो आणा."

माझे कान तापले. मी वाकून पाइपाला कान लावला. काही नाही. वॉलला लावला, काही नाही. काठावर, पेटीला, कपाटाच्या लाकडाला, कुठंच काही नाही. टाकी गप्प होती. माझी टाकी गप्प होती! मग या बाईनं ऐकलं काय?

मी डोकं वर केलं आणि तेव्हा मलाही ऐकू आलं. उघड्या खिडकीतून, फाटकाकडून, फुस्स. मग खळखळ.

मी आयुष्यात कुणाच्या घरात मोठ्यानं बोलले नव्हते. त्या दिवशी ओरडले. "सोडा त्यांना! टाकी नाय वाजत! खरंच नळ आलाय!"

दिनकर क्षणभर तसेच उभे राहिले. मग धावत बाहेर गेले आणि खड्ड्यात वाकून तिथूनच ओरडले, "शीतल! पाणी! मोटर आण!"

मग काय विचारता! शीतलताई हंडे घेऊन पळाल्या, मी कळशा घेऊन पळाले, शफीभाईंनी पायजमा वर खोचला आणि बादल्या उचलल्या. मी गयाबाईंचा डावा हात धरून त्यांना फाटकापाशी खुर्चीत बसवलं. त्यांनी बसल्याबसल्या गल्लीला हाक दिली, "आलं गं! नळ आला! निजल्या का समद्या?"

गल्ली खरंच दुपारची निजली होती. वार उद्याचा, म्हणून कुणी नळ उघडा ठेवला नव्हता; गयाबाईंच्या हट्टापायी त्यांचा तेवढा रोज उघडा असायचा. एकेक दार उघडायला लागलं. बायका पदर खोचत बाहेर आल्या, कुणी पोरांना हाका मारतंय, कुणी मोटरची वायर ओढतंय. एक जण ओरडली, "आजी, तुम्हाला कसं कळलं हो?"

"कान हायत मला," गयाबाई म्हणाल्या. आणि लगेच, "दिनकर, आधी पिन्याचं भर! आन ओ दाढीवाले, कळशी सांडू नका!"

"जी अम्मा," म्हणत शफीभाई पाणी भरत होते. डोक्यापासून पायापर्यंत भिजले होते.

हंडे, कळशा, ड्रम, पातेली, शेवटी कुकरसुद्धा भरला. मोटर बंद केली तेव्हा दिनकरांच्या केसांतून पाणी गळत होतं. ते आईच्या खुर्चीजवळ उकिडवे बसले. जरा वेळानं मला म्हणाले, "ताई, पेचकस हाय का?"

मी पिशवीतून काढून दिला. मला वाटलं मोटरचं काही असेल. ते आत गेले, आईच्या खोलीच्या दाराशी उभे राहिले आणि कडीचे स्क्रू काढायला लागले. एक स्क्रू गंजलेला होता, तो निघेना. शफीभाईंनी कडी दाबून धरली, मग निघाला. शीतलताई दाराला टेकून उभ्या होत्या आणि पदरानं तोंड पुसत होत्या. कडी खिशात टाकून दिनकर म्हणाले, "टाकी ऱ्हाऊ द्या. आन आईनं हाक मारली की उठून बघत जाऊ आपण. बघायला काय जातं?"

हॉलमध्ये गयाबाई पुन्हा आपल्या खुर्चीत बसल्या होत्या. लाल डोक्याचा मासा काचेला येऊन टेकला होता. त्या त्याला सांगत होत्या, "भरलं बाबा समदं. आता नीज."

दुकानाकडं परत जाताना स्कूटरवर मी बोलत होते. हवा त्या भोकातून कशी शिरली, पाणी बरोबर दोन बोटांवर कसं थांबलं, टोक तिरपं कापलं म्हणून हवा कशी निसटली, आजीनं माझ्याआधी कसं ऐकलं, आणि मी केवढ्यानं ओरडले. सेव्हन हिल्सच्या पुलावर बोलत होते, सिग्नलला थांबलो तिथंही बोलत होते. शेजारच्या रिक्षातली माणसं बघायला लागली तरी बोलत होते. औरंगपुऱ्याच्या गर्दीत शिरल्यावर शफीभाईंनी मान मागं वळवली.

"कमलबाई, इत्ते सालों में तुम इत्ता नई बोले. आज क्या हुआ?"

मी गप्प झाले. शेजारून फळांचा हातगाडा गेला, एक मोटरसायकल गेली. मग ते पुढं बघतच म्हणाले, "अरे, रुके कायकू? वो छेद कहाँ मारे, फिरसे बोलो."

आणि मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.